मलबारी कर्णा कसा ओळखावा

पक्ष्यांच्या एखाद्या सचित्र पुस्तकात मलबारी कर्ण्याचे पान उघडले, तर हा पक्षी ओळखण्यात काही अडचण येईल अशी शंकाही मनाला शिवत नाही. चित्रातील नराचे डोके, गळा व छाती काजळासारखी काळी असते. त्या काळ्या भागाच्या खालच्या कडेला पांढरी चंद्रकोर असते. आणि तिच्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सारे उदर किरमिजी लाल असते. पाठ दालचिनीच्या रंगाची, चोच निळसर आणि डोळ्याभोवतीची उघडी कातडीही निळसर. पक्षी साळुंकीएवढाच, परंतु शेपटी लांब असल्यामुळे चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ३१ सेंटिमीटर भरतो. असा पक्षी वीस पावलांवर बसलेला असताना एखाद्याला दिसू नये, हे सहसा पटत नाही. तरीही सह्याद्रीच्या रानात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसांना तो क्वचितच दिसतो, आणि दिसतो तेव्हा पुष्कळदा तो नुकताच उडालेला असतो. तो अतिशय दुर्मीळ आहे, हे याचे कारण नव्हे. योग्य प्रकारच्या रानात त्याचा बारमाही निवास असतो. पाहणारा लाल रंगाच्या शोधात असतो आणि लाल रंग त्या क्षणी त्याच्या समोर नसतो, हे खरे कारण होय.

या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख झाली तीही चित्रावरूनच. टॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १७६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पेनंटने आशिया खंडात कधी पाऊल ठेवले नव्हते. १७५२ ते १७५७ या काळात श्रीलंकेत डचांचा गव्हर्नर असलेल्या योआन गिडिऑन लोटेन याने तेथील पीटर कॉर्नेलिस दे बेव्हेरे या चित्रकाराकडून पशुपक्ष्यांची अनेक चित्रे करवून घेतली होती. ती पेनंटच्या हाती आली. त्याने या पक्ष्याला दिलेल्या लॅटिन जातिनामाचा अर्थ ‘पट्टा असलेला’ असा आहे. पुढे आशियातील या गटाला ‘हार्पाक्टेस’ हे प्रजातिनाम मिळाले आणि त्यामुळे आज या पक्ष्याचे संपूर्ण शास्त्रीय नाव ‘हार्पाक्टेस फॅसिएटस’ असे आहे. जंगल, अंधार, फांदी आणि पानोळा या सर्वांपासून वेगळा काढून कोऱ्या कागदावर बसवलेला कर्णा युरोपने प्रथम पाहिला. आजचे बहुतेक वाचकही त्याला प्रथम असाच पाहतात.

कर्ण्याचे कुल ट्रोगन या नावाने ओळखले जाते. या कुलातील पक्षी आफ्रिका, आशिया आणि अमेरिका या तीन खंडांच्या उष्ण प्रदेशांतील वनांत राहतात व त्यांच्या सर्वाधिक जाती अमेरिकेत आहेत. ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी असलेला केत्साल हा त्यांच्यापैकीच एक. अमेरिकेतील कित्येक ट्रोगनांची पाठ धातूसारखी हिरवी चमकते. आपल्याकडच्या कर्ण्याची पाठ मात्र वाळलेल्या पानासारखी असते, आणि हाच फरक येथे महत्त्वाचा आहे. ट्रोगनांच्या पायांची रचना इतर कोणत्याही पक्ष्याच्या पायांसारखी नसते. सुतार, पोपट, कोकीळ यांच्याही पायांची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात; परंतु त्यांचे पहिले व चौथे बोट मागे वळलेले असते. ट्रोगनांत पहिले व दुसरे बोट मागे असते. हे पाय लहान व दुबळे असल्यामुळे पक्षी फांदीवर चालत नाही, उड्या मारीत नाही, एका जागी बसून राहतो. रानात बोटे मोजण्याची सोय नसते हे खरे; पण या दुबळ्या पायांचा परिणाम मात्र दुरूनही दिसतो.

प्रथम प्रकाशाचा विचार केला पाहिजे. सदाहरित किंवा निमसदाहरित वनात पानांच्या थरामागून थर पार करून जो उजेड खाली पोहोचतो, तो गाळलेला उजेड असतो. पाने तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतात व हिरवा मोठ्या प्रमाणात सोडून देतात. अशा उजेडात लाल वस्तूवर पडण्यासाठी तांबडा प्रकाशच पुरेसा नसतो, म्हणून ती मंद आणि काळपट दिसते. पहाटे आणि संध्याकाळी त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. उजेड कमी होत गेला की मानवी डोळ्याची तांबड्या रंगाविषयीची संवेदना इतर रंगांच्या आधी मंदावते. यान पुर्किन्ये या चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवली. संध्याकाळी बागेतील तांबडी फुले पानांच्या आधी काळी पडतात, हे कोणीही घरच्या घरी पडताळून पाहू शकेल. कर्ण्याचे किरमिजी उदर याला अपवाद नाही. पर्णछत्रातील एखाद्या फटीतून उन्हाचा कवडसा नेमका त्याच्या अंगावर पडला, तरच चित्रातला पक्षी क्षणभर प्रत्यक्षात येतो. मल्याळम भाषेत त्याला ‘तीक्काक्का’ म्हणजे अग्नीचा कावळा म्हणतात. ज्याने हे नाव प्रथम उच्चारले, त्याने बहुधा असा एखादा कवडसा ओलांडून जाणारा नर पाहिला असावा.

दुसरी अडचण पक्ष्याच्या वागण्यातून येते. मनुष्याची चाहूल लागताच कर्णा पुष्कळदा त्याच्याकडे पाठ करून बसतो. लाल उदर पलीकडच्या बाजूला जाते आणि निरीक्षकासमोर केवळ तपकिरी पाठ राहते. पक्षी मात्र मान मागे वळवून खांद्यावरून त्याला न्याहाळीत असतो. तो उडून जात नाही, हालत नाही, आवाज करीत नाही. मध्यम उंचीवरील एखाद्या आडव्या फांदीवर किंवा लोंबत्या वेलीवर तो सरळ ताठ बसलेला असतो व शेपटी खाली लोंबत असते. इतर पक्ष्यांना शोधताना डोळा हालचाल टिपतो. येथे हालचालच नसते. माणूस चालत जवळ येतो, पक्षी अखेरच्या क्षणी उठतो, वळण घेत झाडांआड नाहीसा होतो, आणि तपकिरी-पांढरे असे काहीतरी गेले एवढेच कळते. ‘लांब शेपटीचा एक पक्षी, बहुधा कोकिळेच्या जातीचा’ अशा मोघम शब्दांत ज्या नोंदी वह्यांत पडून राहतात, त्यांपैकी काही तरी कर्ण्याच्या असाव्यात.

म्हणून कर्णा शोधणाऱ्याने नराच्या पोटाचे चित्र बाजूला ठेवून पाठमोऱ्या पक्ष्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या चित्रात पहिले स्थान शेपटीला द्यावे लागेल. ती लांब व रुंद असून तिचे टोक चौकोनी, कातरीने सरळ कापल्यासारखे दिसते. मधली दोन पिसे पाठीसारखीच तांबूस तपकिरी असून त्यांच्या टोकांना काळी पट्टी असते. बाहेरची पिसे क्रमाने आखूड होत जातात व त्यांची टोके दूरवर पांढरी असतात. त्यामुळे शेपटी वरून पाहिली तर तपकिरी व काळी, पण खालून पाहिली तर बरीचशी पांढरी दिसते, आणि उडताना दोन्ही कडांची पांढरी पिसे एकदम उघडतात. साळुंकीच्या आकाराचा, आखूड मानेचा, मोठ्या डोक्याचा, ताठ बसलेला आणि अशी चौकोनी शेपटी असलेला दुसरा पक्षी पश्चिम घाटात नाही. रंगाचा पत्ता लागण्यापूर्वी एवढ्या आकारावरूनच ओळख पुष्कळ अंशी निश्चित होते. त्यानंतर पंखांकडे पाहावे. घडी घातलेल्या पंखांच्या वरच्या भागावर नरात काळ्या-पांढऱ्या बारीक नागमोडी रेघांची दाट जाळी असते. दुरून ती राखाडी डागासारखी दिसते; दुर्बिणीतून मात्र विणलेल्या कापडाप्रमाणे स्पष्ट होते.

आता मादीविषयी, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुका येथे होतात. मादीत काळे डोके नसते, पांढरी चंद्रकोर नसते आणि किरमिजी उदरही नसते. डोके व छाती धुरकट तपकिरी असून हा रंग खाली उतरत उदरावर पिवळसर गेरूसारखा होतो. पंखांवरील जाळीत पांढऱ्याच्या जागी पिवळट तपकिरी रेघा असतात. चित्रावरून नर पाठ केलेल्या माणसाला ही मादी दाखवली, तर तो तिला दुसऱ्याच एखाद्या जातीची समजेल. आणि यात त्याचा फारसा दोष नाही. ज्या गोष्टींवरून त्याने नराला ओळखायचे ठरवले होते, त्यांतील जवळजवळ एकही तिच्यात नाही. ज्या गोष्टी दोघांत समान आहेत त्या म्हणजे शेपटीची घडण, ताठ बैठक, निळसर चोच, डोळ्याभोवतीचे निळसर कडे आणि ती विलक्षण निश्चलता. थोडक्यात सांगायचे, तर नर ज्या खुणांनी लक्ष वेधून घेतो त्या या जातीच्या खुणा नसून केवळ नराच्या खुणा आहेत. जातीच्या खुणा मादीत अधिक चांगल्या समजतात, कारण तेथे डोळ्याला भुरळ घालणारे दुसरे काही नसते. नवशिक्याने शक्य असल्यास प्रथम मादीचा अभ्यास करावा, हा सल्ला विचित्र वाटला तरी उपयोगाचा आहे.

पिलांमुळे हा गोंधळ आणखी वाढतो. लहान नर पहिल्या पिसाऱ्यात मादीसारखाच दिसतो. शिवाय कर्ण्याची पिले घरट्याबाहेर पडल्यानंतरही पाच-सहा महिने आईबापांच्या आधाराने राहतात. पक्ष्यांमध्ये हा काळ बराच मोठा म्हणावा लागेल. विणीचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते मे असा असल्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तपकिरी पिसाऱ्याचे जे पक्षी दिसतात ते सर्व प्रौढ माद्याच असतात असे समजू नये.

ज्या पक्ष्यांशी कर्ण्याची गल्लत होऊ शकते ते फार नाहीत. काळा आणि लाल हे दोन रंग पाहून काही जणांना निखाराचा भास होतो. परंतु निखार सडपातळ असतो, वृक्षांच्या शेंड्यांवर थव्याने वावरतो आणि क्षणभरही स्वस्थ बसत नाही. मादीच्या गेरू रंगामुळे एखाद्याला कस्तुराची आठवण होईल, पण कस्तूर जमिनीवरचा पालापाचोळा उलथीत असतो. कर्ण्याचे दुबळे पाय त्याला हे काम करू देणार नाहीत. कर्णा बसल्या जागेवरून झेप घेतो, पानाच्या खालच्या बाजूचा सुरवंट, नाकतोडा किंवा भुंगेरा उचलतो आणि तीच किंवा जवळची दुसरी फांदी गाठतो. कधी कधी तो फळेही खातो. निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन रानातून सरकत जातात, त्या मिश्र थव्यांत तो बरेचदा सामील होतो. पल्लवपुच्छ कोतवालाचा गलबला ऐकू आला की पुष्कळ निरीक्षक आवाजाच्या दिशेने धावतात. तसे न करता थव्याच्या वाटेवर पुढे जाऊन झाडाला टेकून उभे राहावे. गोंगाट करणारे पक्षी पुढे निघून गेले की मागाहून एखादी कर्ण्याची जोडी शांतपणे येऊन बसते. श्रीलंकेच्या सिंहराज अरण्यात अशा मिश्र थव्यांचा बारकाईने अभ्यास झालेला आहे आणि तेथील थव्यांतही मलबारी कर्ण्याची नोंद आहे.

डोळ्यांपेक्षा कानांनी हा पक्षी अधिक वेळा सापडतो. त्याचा आवाज मोठा नसतो. घशातून काढल्यासारखे ‘क्यू, क्यू, क्यू’ असे काहीसे करुण आणि घोगरे स्वर एकाच पट्टीत, सारख्या अंतराने लागोपाठ येतात आणि थांबतात. धनेशाच्या किंवा तांबटाच्या आवाजाने भरलेल्या रानात हा स्वर सहज बुडून जातो. धोका वाटल्यास ‘कर्र’ असा हलका, दबलेला ध्वनी निघतो. तो ऐकू आला तर पक्षी जवळच आहे आणि त्याने माणसाला आधीच पाहिले आहे असे समजावे. अलीकडे पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज खिशातल्या दूरध्वनीवर वाजवून त्यांना जवळ बोलावण्याची पद्धत रूढ झाली आहे. आपल्या क्षेत्रात दुसरा नर शिरला असे समजून नर धावून येतो, त्याचे छायाचित्र निघते आणि मंडळी पुढे जातात. विणीच्या हंगामात हा खेळ दिवसातून अनेकदा झाला, तर त्याची किंमत घरट्याला द्यावी लागते. शिवाय जो पक्षी आपण बोलावून आणला, तो एरवी कसा बसतो आणि कसा लपतो हे शिकण्याची संधी हातची जाते, ही गोष्ट वेगळीच.

ओळखीत स्थळालाही महत्त्व आहे. भारतात ट्रोगन कुलाच्या तीन जाती आढळतात. मलबारी कर्णा पश्चिम घाटात केरळपासून उत्तरेस गुजरातेतील डांगच्या रानांपर्यंत, तसेच मध्य भारतातील व पूर्व घाटातील काही डोंगराळ वनांत ओडिशापर्यंत आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत राहतो. उत्तरेकडच्या पक्ष्यांची वेगळी उपजाती वॉल्टर कोल्झ या अमेरिकी संग्राहकाने १९३९ साली डांगमधील महाल येथील नमुन्यांवरून मांडली. पण उपजातींतील हे बारीक भेद रानात ओळख पटवण्याच्या कामी येत नाहीत. दुसरी जाती लाल डोक्याच्या कर्ण्याची. ती हिमालयाच्या पायथ्याच्या व मध्यम उंचीच्या वनांत आणि ईशान्य भारतात आढळते. तिच्यातील नराचे डोकेही लाल असते, मादीचे डोके तपकिरी पण उदर लाल असते. तेव्हा तपकिरी डोके आणि लाल उदर असा पक्षी दिसला, तर तो मलबारी कर्ण्याचा नर नव्हे आणि मादीही नव्हे. तिसरी जाती वॉर्डचा कर्णा. वनस्पतींच्या शोधात हिमालयाच्या पूर्व टोकाशी भटकलेल्या फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांचे नाव १९२७ साली तिला देण्यात आले. ती अरुणाचल प्रदेशाच्या उंच डोंगरांत असून तिच्या मादीचे उदर पिवळे असते. दक्षिणेकडचा कर्णा आणि हिमालयातला कर्णा यांच्यामध्ये गंगेचे विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे व तेथे कोणताच कर्णा नाही. त्यामुळे आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात उभे असलेल्या माणसाला तीन जातींतून निवड करावी लागत नाही.

मृत पक्षी हाती आला, तर मात्र ओळख क्षणात पटावी. निदान तशी अपेक्षा असते. परंतु या कुलातील पक्षी येथेही फसवतात. त्यांची कातडी इतकी पातळ असते की ती ओल्या कागदासारखी फाटते, आणि पिसे इतकी सैल बसलेली असतात की हाताळतानाच गळू लागतात. पेंढा भरणाऱ्या कारागिरांत हे पक्षी यासाठी कुप्रसिद्ध होते. संग्रहालयात ठेवलेल्या नमुन्याच्या उदराचा लाल रंगही उजेडात राहिल्यास हळूहळू विटतो. जुन्या कपाटातील फिक्या गुलाबी पोटाचा पक्षी पाहून ही निराळी जाती असावी असा तर्क करणे म्हणूनच धोक्याचे असते.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? पक्षी ओळखला काय किंवा न ओळखला काय, त्याला त्याचे काय? त्याला खरोखरच काही नसते; परंतु ज्या रानात तो राहतो त्या रानाला असू शकते. कर्णा मोकळ्या माळावर येत नाही, गावाजवळच्या आमराईत येत नाही, विरळ झालेल्या झाडीत टिकत नाही. सलग, दाट सावलीचे रान तुटून त्याचे तुकडे झाले की जे पक्षी लवकर नाहीसे होतात त्यांत तो आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या दाटीत जेथे कर्णा वीण घालतो, तेथे रानाची आतली घडण अजून शाबूत आहे असे पुष्कळ अंशी म्हणता येते. जागतिक यादीत ही जाती तूर्त धोक्याबाहेरची मानलेली आहे. तरीही एखाद्या विशिष्ट डोंगरावरून ती नाहीशी होणे ही त्या डोंगरापुरती पूर्ण हानीच असते, कारण मोकळा प्रदेश ओलांडून दुसरीकडून ती सहज परत येत नाही.

आणि म्हणूनच नोंद खरी असावी लागते. रस्ता, खाण किंवा धरण यासाठी एखादे रान द्यायचे की नाही, हा प्रश्न उपस्थित होतो तेव्हा तेथील प्राण्यांच्या याद्या पुढे येतात. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या वादात सिंहपुच्छ माकडाचे नाव सर्वतोमुखी झाले, ते तेथे त्याचे वास्तव्य निर्विवाद होते म्हणून. १९८४ साली त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आले. यादीतील एक नाव संशयास्पद निघाले, तर विरोधी पक्ष सबंध यादीवर बोट ठेवतो. उलट, ज्याने दहा वर्षे केवळ लाल पक्षी शोधला आणि तपकिरी माद्या पाहूनही लिहिल्या नाहीत, त्याच्या यादीत कर्णा नसतोच. आणि ‘येथे असे काही विशेष आढळत नाही’ हे वाक्य कागदावर उमटते. न ओळखलेल्या मादीची किंमत अशी मोजली जाते. कर्ण्याच्या नोंदीत ‘दिसला’ एवढेच न लिहिता नर की मादी, पाठ दिसली की पोट, शेपटीचा आकार कसा होता, आवाज ऐकला काय, झाडी कोणत्या प्रकारची होती आणि उजेड किती होता, हे सर्व त्याच जागी उभे राहून लिहिणे अवश्य आहे. घरी येऊन चित्र पाहिल्यावर स्मरणशक्ती चित्रातले रंग पक्ष्याच्या अंगावर चढवते; अनुभवी माणसांचीही यातून सुटका होत नाही.

या नोंदीत आणखी एका गोष्टीला जागा द्यावी, ती म्हणजे उभी वाळलेली झाडे. ट्रोगन या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कुरतडणारा’ असा आहे. सुताराची चोच छिन्नीसारखी असते व ती टणक लाकूडही फोडते. कर्ण्याची चोच आखूड आणि रुंद, तिच्याने ते होत नाही. त्याला असे खोड लागते की जे मेलेले आहे, उभे आहे आणि कुजून इतके भुसभुशीत झाले आहे की कुरतडल्यावर त्याचा चुरा व्हावा. नर व मादी मिळून सुमारे महिनाभर हे काम करतात. पोकळीच्या तळाशी पडलेल्या लाकडाच्या भुशाशिवाय दुसरे काही अंथरूण नसते. त्यावर मादी बहुधा दोन अंडी घालते, दोघेही आळीपाळीने ती उबवतात, आणि एकोणीस दिवसांच्या सुमारास पिले बाहेर येतात. असे खोड लाकूडफाटा गोळा करणाऱ्याला सर्वांत आधी दिसते, कारण ते हलके असते आणि एका धक्क्याने पडते. पूर्वीच्या वनव्यवस्थेतही मेलेले झाड म्हणजे वाया गेलेली जागा असे मानून ते काढून टाकले जाई. सागासारख्या एकाच जातीच्या लागवडीत तर ते उभे राहूच दिले जात नाही. वरून पाहिले तर रान हिरवेगार, सावली दाट, किडे विपुल. परंतु छातीएवढ्या उंचीचे एकही कुजके खोड नाही, अशा रानात कर्णा दिसला तरी तो केवळ वाटसरू असण्याचा संभव असतो.

फेब्रुवारीपासून पुढे अशा खोडाजवळ लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला, तर वर पाहत राहू नये, खोडाला हात लावू नये आणि वाजवून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये; ते एवढे ठिसूळ असते की त्या धक्क्यानेही कोसळते. पन्नास पावले मागे सरून एखाद्या झाडाच्या आडोशाला बसावे. अर्धा तास काही घडणार नाही. मग केव्हा तरी समोरच्या फांदीवर, जेथे आतापर्यंत काहीच नव्हते असे वाटत होते तेथे, वाळक्या पानाच्या रंगाची एक पाठ आणि तिच्याखाली लोंबणारी चौकोनी शेपटी दिसू लागेल. ती तेथे बहुधा सुरुवातीपासूनच असेल.